पुराव्यावरून दावा खरा ठरतो, हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं?

घेरिया

मंडळी, नमस्कार. एका वाक्यावर दोन दिवस अडून बसलोय, म्हणून हा धागा.

मी विजयदुर्गचा. गावातल्या आम्ही काही जणांनी किल्ल्याची चार पानी माहितीपुस्तिका काढायचं ठरवलंय. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बाहेरच्या राज्यांतले, अधूनमधून परदेशातलेही पर्यटक येतात. त्यांच्या हातात द्यायला आमच्याकडे इंग्रजीत काहीच नाही. मराठी मजकूर झालाय. इंग्रजीचं काम माझ्याकडे आलं, कारण बी.ए.ला माझा विषय इंग्रजी होता. पण दहावीपर्यंतचं शिक्षण सगळं मराठीत, त्यामुळे वाक्य अजूनही आधी मराठीतच सुचतं.

अडलेलं वाक्य असं: 'हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे अनेक पुराव्यांवरून सिद्ध होते.'

माझं पहिलं इंग्रजी: 'मेनी एव्हिडन्सेस आर प्रूव्हिंग दॅट हेलियम वॉज डिस्कव्हर्ड अ‍ॅट विजयदुर्ग फोर्ट.' पुतणीने वाचलं आणि म्हणाली, काका, 'एव्हिडन्सेस' असं होत नाही. का होत नाही ते तिला सांगता आलं नाही. मग मी 'द एव्हिडन्स सपोर्ट्स दॅट हेलियम वॉज डिस्कव्हर्ड…' असं केलं. तेही कानाला खटकतं, पण काय खटकतं ते सापडत नाही. त्यानंतर 'देअर इज अ स्ट्राँग एव्हिडन्स', 'अ‍ॅज पर एव्हिडन्सेस', 'इट इज एव्हिडन्ट दॅट' असं बरंच खोडून झालं.

पुस्तिकेवर गावाचं नाव जाणार आहे. चुकीचं इंग्रजी छापलं तर वर्षानुवर्षं तेच लोकांच्या हातात राहील. कृपया कारणांसकट सांगा. नुसतं दुरुस्त वाक्य मिळालं तर पुढच्या पानावर पुन्हा हीच चूक करीन.

हर्णैकर

'अ स्ट्राँग एव्हिडन्स' मधला 'अ' काढा, बाकी ठीक. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

सुरंगी

घेरिया, पुतणीचं बरोबर आहे. मी वेंगुर्ल्याला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि ही चूक दर वर्षी निम्म्या वह्यांत असायची. कारण आपल्या भाषेत आहे, म्हणून तिथूनच सांगते.

मराठीत 'पुरावा' मोजता येतो. एक पुरावा, दोन पुरावे, ढीगभर पुरावे. इंग्रजीत 'एव्हिडन्स' मोजत नाहीत. तो शब्द पाण्यासारखा किंवा तांदळासारखा वापरतात. आपण 'दोन तांदूळ आणले' म्हणत नाही, दोन किलो तांदूळ म्हणतो, तसं इंग्रजीत 'टू पीसेस ऑफ एव्हिडन्स' म्हणायचं. म्हणून 'मेनी' चालत नाही, 'मच' चालतं. 'अ लॉट ऑफ', 'अ ग्रेट डील ऑफ' हेही चालतं. 'अ स्ट्राँग एव्हिडन्स' मधला 'अ' हर्णैकरांनी म्हटल्याप्रमाणे जातो, नुसतं 'स्ट्राँग एव्हिडन्स'. आणि क्रियापद कायम एकवचनी: 'द एव्हिडन्स इज', 'द एव्हिडन्स सजेस्ट्स'. पुरावे शंभर असले तरी 'इज'च. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'रिसर्च', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' हे सगळे याच पंगतीतले. 'इन्फर्मेशन्स' लिहिणारा 'एव्हिडन्सेस' लिहितोच.

जुन्या इंग्रजीत, विशेषतः धर्मचर्चेच्या लिखाणात, 'एव्हिडन्सेस' सापडतं. कोणी तो दाखला देऊन वाद घातला तर घालू द्या. आज पर्यटकाला द्यायच्या पुस्तिकेत ती चूकच दिसेल.

दुसरं, 'आर प्रूव्हिंग'. आपण 'सिद्ध करत आहेत' म्हणतो म्हणून तोंडात 'आर…इंग' येतं. पण पुरावा जे सांगतो ते काल, आज, उद्या सारखंच सांगतो. ती काही या क्षणी चाललेली क्रिया नव्हे. साधा वर्तमानकाळ घ्या: 'शोज', 'प्रूव्ह्ज', 'सजेस्ट्स'. हीच चूक 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' मध्ये असते.

'अ‍ॅज पर' सरकारी पत्रात राहू द्या. पुस्तिकेत नको.

कातळसडा

सुरंगीताईंनी नामाचं सांगितलं, मी क्रियापदांचं सांगतो. 'सपोर्ट्स दॅट' का खटकतं त्याचं उत्तर इथे आहे.

इंग्रजीत या कामाची क्रियापदं दोन गटांत पडतात. पहिल्या गटाच्या पुढे 'दॅट' लावून सरळ अख्खं वाक्य ठेवता येतं: 'शोज दॅट', 'सजेस्ट्स दॅट', 'इंडिकेट्स दॅट', 'प्रूव्ह्ज दॅट', 'डेमॉन्स्ट्रेट्स दॅट', 'कन्फर्म्स दॅट'. दुसऱ्या गटाला पुढे नाम लागतं, वाक्य चालत नाही. 'सपोर्ट' यातलं. 'द एव्हिडन्स सपोर्ट्स द क्लेम', 'द थिअरी', 'द व्ह्यू'. वाक्य जोडायचंच असेल तर मधे नामाची खुंटी ठोकायची आणि 'दॅट' तिला अडकवायचं: 'द एव्हिडन्स सपोर्ट्स द क्लेम दॅट…'. मराठीतही बघा, 'पाठिंबा देणे'ला 'ला' प्रत्ययाचं नाम लागतंच. 'पुरावा पाठिंबा देतो की अमुक झालं' असं आपण म्हणत नाही, 'अमुक झालं या म्हणण्याला पुष्टी मिळते' म्हणतो. 'या म्हणण्याला' म्हणजेच 'द क्लेम दॅट'. घेरिया, तुमच्या वाक्यातून तेवढंच गळलं होतं.

याच दुसऱ्या गटात 'पॉइंट्स टु', 'अटेस्ट्स टु', 'लेंड्स वेट टु', 'बॅक्स अप', 'बेअर्स आउट', 'कॉरोबोरेट्स', 'सबस्टॅन्शिएट्स' येतात. सगळ्यांना पुढे नाम हवं.

नाम वापरायचं असेल तर 'एव्हिडन्स'पुढे तीन दारं आहेत. 'एव्हिडन्स ऑफ' हे साधारण खुणेसाठी: 'एव्हिडन्स ऑफ अर्ली सेटलमेंट', म्हणजे जुन्या वस्तीच्या खुणा. 'एव्हिडन्स फॉर' हे मतासाठी किंवा सिद्धांतासाठी, आणि उलट बाजूला 'एव्हिडन्स अगेन्स्ट'. 'एव्हिडन्स दॅट'पुढे पूर्ण वाक्य.

मी राजापूरकडचा. सुट्टीच्या दिवशी लोकांना सड्यावरची कातळशिल्पं दाखवायला नेतो, तिथे ही क्रियापदं रोज लागतात. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, जांभरूण या जागा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेल्या, तेव्हापासून बाहेरची माणसं वाढलीत. कशेळीला १८ मीटरच्या आसपास लांबीचा हत्ती जांभ्यात कोरलाय. त्याच्यासमोर उभा राहिलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, हाऊ ओल्ड? आणि तिथे 'प्रूव्ह्ज' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दगडात कोरलेल्या रेषेचं वय थेट काढता येत नाही, कार्बन मोजायला सेंद्रिय काही उरलेलं नसतं. मग आकृत्यांवरून, आसपास सापडलेल्या दगडी हत्यारांवरून अंदाज करायचा. शिल्पांत गेंड्यासारखा प्राणी आहे, आज कोकणात गेंडा नाही. त्यावरून मी म्हणतो, 'द राइनो सजेस्ट्स दॅट द कार्व्हिंग्ज आर व्हेरी ओल्ड.' सजेस्ट्स. त्याच्यापुढे मी जात नाही. सुरुवातीला एकदा भरात 'प्रूव्ह्ज' बोलून गेलो होतो. समोर भूगर्भशास्त्राची बाई होती, तिने शांतपणे विचारलं, कशावरून? उत्तर नव्हतं. तेव्हापासून जपून बोलतो.

कोर्टनाका

रत्नागिरीत वकिली करतो. आमचा सगळा धंदाच या शब्दांवर उभा आहे म्हणून थोडं लिहितो.

मराठीत आपण 'पुरावा' एकाच शब्दात दोन गोष्टी भरतो. इंग्रजीत 'एव्हिडन्स' वेगळा, 'प्रूफ' वेगळं. साक्षीदार बोलला, कागद दाखल झाला, हे सगळं एव्हिडन्स. ते तोलून कोर्टाची खात्री पटली तर प्रूफ. एव्हिडन्स दोन्ही बाजूंकडे असू शकतो, तसा असतोच. म्हणून 'एव्हिडन्स प्रूव्ह्ज' हे वाक्य व्याकरणात बसत असलं, तरी लिहिताना दोन पायऱ्या एकदम चढल्यासारखं होतं. चढायच्या असतील तर पायाखाली काय आहे ते आधी बघावं.

१८७२ च्या पुरावा कायद्याच्या इंग्रजी नावात 'एव्हिडन्स' एकवचनीच होता, हे सुरंगीताईंच्या मुद्द्याला जोडून. त्याच्या कलम ३ मध्ये तीन वेगळ्या व्याख्या होत्या: 'प्रूव्ह्ड', 'डिसप्रूव्ह्ड' आणि 'नॉट प्रूव्ह्ड'. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला, त्यातही त्या तीन आहेत. 'शाबित', 'खोटं शाबित' आणि 'शाबित नाही'. तिसरी महत्त्वाची. शाबित नाही म्हणजे खोटं ठरलं असं नव्हे. इंग्रजीत हा फरक 'नॉट' कुठे ठेवता त्यावर असतो. 'देअर इज नो एव्हिडन्स दॅट ही केम' म्हणजे तो आल्याचा पुरावा नाही. 'देअर इज एव्हिडन्स दॅट ही डिड नॉट कम' म्हणजे तो न आल्याचा पुरावा आहे. माझ्याकडे येणारे शिकाऊ वकील पहिल्याच्या जागी दुसरं लिहितात आणि सगळी बाजू उलटते.

आणखी एक शब्द, 'कॉरोबोरेट'. याला आपल्याकडे चपखल शब्द आहे, दुजोरा. दुजोरा द्यायला आधी कोणीतरी काहीतरी म्हटलेलं असावं लागतं. एकटा पुरावा कॉरोबोरेट करू शकत नाही. पहिला साक्षीदार बोलला, दुसऱ्याने स्वतंत्रपणे तेच सांगितलं, तर दुसरा पहिल्याला कॉरोबोरेट करतो. वर्तमानपत्रात हा शब्द नुसत्या 'सपोर्ट'च्या अर्थी फेकतात, ते टाळा.

घेरिया

काय लिहू, सगळ्यांचे मनापासून आभार. कातळसडा, 'खुंटी'ने डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग माझं वाक्य आता असं: 'देअर इज स्ट्राँग एव्हिडन्स टु सपोर्ट द क्लेम दॅट हेलियम वॉज डिस्कव्हर्ड अ‍ॅट विजयदुर्ग फोर्ट इन १८६८.' आता चालेल ना? की 'क्लेम' शब्द आपणच आपल्याबद्दल वापरला तर कमीपणा वाटेल?

सुरंगी

व्याकरण आता स्वच्छ आहे. 'क्लेम'बद्दलची शंका रास्त आहे. त्यात 'हा म्हणतो बुवा असं' अशी छटा असते, आपल्या 'दावा'सारखीच. आपण ज्याच्या बाजूने आहोत त्याला 'व्ह्यू' किंवा 'कन्क्लूजन' म्हणतात.

रोहिणी

मी खगोलाची आवड असलेली साधी वाचक. वाक्याचं इंग्रजी नीट झालंय, पण वाक्यातली गोष्ट नीट नाही. घेरिया, छापायच्या आधी हे सांगणं मला भाग आहे. राग मानू नका.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. पण त्या दिवशीचं ज्यांसेन या फ्रेंच शास्त्रज्ञाचं प्रसिद्ध निरीक्षण आंध्रातल्या गुंटूरहून झालं. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसतील, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. नॉर्मन लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, ज्याचं नाव आपण विजयदुर्गशी जोडतो, तो तेव्हा भारतात नव्हताच. त्याने ग्रहणाशिवाय त्या रेषा पाहिल्या २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडमधून. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारी पण नेमक्या जागी नाही, ती पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, असं लॉकियर पुढे मांडत गेला. सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव तिथून आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रॅमसे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला, युरेनियमच्या एका खनिजातून.

मग विजयदुर्ग कुठून आलं? तेही खरं आहे, फक्त साल वेगळं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर मोहीम घेऊन विजयदुर्गला आला होता. ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमीन' जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. त्या निरीक्षणांचे अहवाल रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने छापलेत. म्हणजे किल्ल्यावरच्या दगडी ओट्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात, ती काही मनाने रचलेली गोष्ट नव्हे. साहेब आला होता. पण तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती.

१८६८ आणि १८९८. दोन्ही साली ग्रहण, दोन्हीत लॉकियरचं नाव. तीस वर्षांत गोष्टी एकात एक मिसळल्या असाव्यात, हा माझा अंदाज. तो 'प्रूव्ह्ड' नाही.

देवगडी

विचारलं होतं व्याकरण आणि पोचलो कुठे. लहानपणापासून आम्ही किल्ल्यावर हेच ऐकलंय, शाळेच्या सहलीतही हेच सांगितलं. एवढ्या लोकांना माहीत असलेली गोष्ट चार ओळींत खोटी म्हणायची? घेरिया, ग्रामर दुरुस्त करून छापा.

कोर्टनाका

देवगडी, तुमची भावना कळते, माझं आजोळ वाघोटनचं आहे. पण रोहिणीताईंनी जे दिलंय ते 'नो एव्हिडन्स' या जातीचं नाही. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता हे दाखवणारा तो थेट पुरावा आहे. १८६८ साली तो विजयदुर्गला असणं 'नॉट प्रूव्ह्ड' नाही, 'डिसप्रूव्ह्ड' आहे. आणि 'सगळ्यांनी ऐकलंय' याला आम्ही ऐकीव म्हणतो. इंग्रजीत त्याचीही नीट वाक्यरचना आहे, ती वापरली तर ऐकीव गोष्टही प्रामाणिकपणे छापता येते: 'अकॉर्डिंग टु लोकल ट्रॅडिशन', 'इज सेड टु हॅव बीन', 'इज बिलीव्ह्ड लोकली टु'. तुमची सहलीतली गोष्ट त्यात राहील.

कलमी

दापोलीला कृषी विद्यापीठात शिकते. धागा वाचून माझ्याच प्रकल्पातली वाक्यं आठवली. देवगडींसाठी एक उदाहरण देते, कारण त्यांच्याकडे हापूस असणारच.

हापूसमधला साका. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. याची कारणं सांगताना एक जुनं स्पष्टीकरण आहे की पिकत आलेल्या फळाला खालच्या तापलेल्या जमिनीतून परतणारी उष्णता लागते. म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करतात. नंतर दुसरंही स्पष्टीकरण आलं, की फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायला लागते आणि गरातलं सत्त्व ओढून घेते. समजा, आच्छादन केल्यावर साका कमी झाला. मग मी काय लिहायचं? मी लिहिलं होतं, 'धिस प्रूव्ह्ज दॅट सॉइल हीट कॉझेस स्पाँजी टिश्यू.' मार्गदर्शक मॅडमनी 'प्रूव्ह्ज दॅट' खोडून वर लिहिलं, 'इज कन्सिस्टंट विथ'. म्हणजे हा निकाल त्या स्पष्टीकरणाशी जुळतो, विरोधात जात नाही. पण दुसऱ्याशीही जुळत असेल, तर एकालाच मुकुट घालता येत नाही. मला तेव्हा रडू आलं होतं, वर्षभर केलेलं काम नुसतं 'जुळतं'. आता वाटतं, त्या दोन शब्दांमुळे माझा प्रकल्प कोणाला खोडता येणार नाही.

व्याकरणाची बाब: 'कन्सिस्टंट'पुढे 'विथ'च. 'कन्सिस्टंट टु' मी दोनदा लिहिलं आणि दोनदा लाल शाई खाल्ली. आणि रचना अशी आहे: 'इज कन्सिस्टंट विथ द हायपॉथिसिस दॅट…'. इथेही ती खुंटी लागते.

देवगडी

साक्याचं माहीत आहे हो, बागेत दर मोसमात बघतो. माझा विरोध छापण्याला नव्हता. एवढंच वाटलं की किल्ल्याकडे जगाने बघावं असं एकच कारण आमच्याकडे होतं, तेही जातंय.

रोहिणी

जात नाहीय. १८९८ च्या ग्रहणाला रॉयल सोसायटीच्या दफ्तरात विजयदुर्गचं नाव आहे. ते नाव जगातला कुठलाही अभ्यासक आजही उघडून बघू शकतो. १८६८ ची गोष्ट छापली आणि एखाद्या परदेशी पाहुण्याने घरी जाऊन पडताळली, तर तो आपलं १८९८ सुद्धा खोटं धरील. मला तीच भीती आहे.

सुरंगी

रोहिणीच्या म्हणण्याला माझा दुजोरा. घेरिया नवीन वाक्यं लिहितीलच, त्याआधी दोन खाचा दाखवून ठेवते. यात चांगले चांगले पडतात.

'सजेस्ट'चे दोन अर्थ आहेत. एक सुचवणे, म्हणजे सल्ला: 'आय सजेस्ट दॅट ही कम अर्ली'. इथे 'कम'ला एस लागत नाही, काळ बदलत नाही. दुसरा सूचित होणे: 'द लेटर्स सजेस्ट दॅट ही केम अर्ली'. इथे क्रियापद नेहमीच्या काळात चालतं. पुराव्याबद्दल लिहिताना कायम दुसरा अर्थ असतो, म्हणून 'सजेस्ट्स दॅट द प्लॅटफॉर्म बी बिल्ट' असं लिहून ठेवू नका. पुराव्याने ओटा बांधायचा सल्ला दिला असा अर्थ होईल.

दुसरी खाच 'बेअर आउट'. 'द रेकॉर्ड बेअर्स धिस आउट', म्हणजे नोंदींवरून हे खरं ठरतं. कर्मणी करताना 'इज बॉर्न आउट बाय' होतं, आणि त्या 'बॉर्न'चं स्पेलिंग जन्मल्याच्या 'बॉर्न'चं नव्हे. शेवटी ई आहे, बी-ओ-आर-एन-ई. संगणक इथे लाल रेघ देणार नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

'प्रूव्ह्ड' की 'प्रूव्हन' यावर वेळ घालवू नका, दोन्ही चालतात.

आणि मराठीबद्दल एक. आपण इंग्रजीची चूक शोधत बसलोय, पण मूळ मराठी वाक्यातच 'सिद्ध होते' होतं. आपल्याकडे 'दिसते', 'सूचित होते', 'आधार मिळतो', 'पुष्टी मिळते', 'दुजोरा मिळतो', 'खरे ठरते', 'सिद्ध होते' अशी चढती ओळ आहे. तरी सभेत, लेखात, बातमीत आपण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो. मराठी पानही तपासा, घेरिया.

कातळसडा

ताईंच्या ओळीत 'जुळते' घाला, 'कन्सिस्टंट विथ'ला. आमच्या सड्यावर सगळ्यात जास्त तेच लागतं.

घेरिया

दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. रोहिणीताई, तुमचा प्रतिसाद वाचून आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग रात्री मंडळातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. आमचे एक आबा आहेत, वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर आल्यागेल्याला हौसेने ओटे दाखवत आले. त्यांच्याकडेच सगळे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे साहेब इलो हुतो मां? ओटो खोटो नाय मां?" मी म्हटलं, नाही आबा, साहेब आला होता, तीस वर्षं उशिरा. ते म्हणाले, "मगे तांच लिवा."

तर तेच लिहिलंय. मराठी पान ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी दुरुस्त केलं. मराठी असं: 'नॉर्मन लॉकियर यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गहून अभ्यासले, याला रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या अहवालांचा आधार आहे. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे या मोहिमेशी जुळतात. हेलियमचा शोध येथेच लागला अशी गावात समजूत आहे. परंतु हेलियमची रेषा १८६८ साली अन्यत्र झालेल्या निरीक्षणांतून पुढे आली.'

आणि इंग्रजी, शब्द शब्द तपासा:

'द क्लेम दॅट नॉर्मन लॉकियर ऑब्झर्व्ह्ड द टोटल सोलर एक्लिप्स ऑफ २२ जानेवारी १८९८ फ्रॉम विजयदुर्ग इज बॉर्न आउट बाय रिपोर्ट्स पब्लिश्ड बाय द रॉयल सोसायटी. द स्टोन प्लॅटफॉर्म्स ऑन द फोर्ट, नोन लोकली अ‍ॅज द साहेब्ज प्लॅटफॉर्म्स, आर कन्सिस्टंट विथ धिस अकाउंट. अकॉर्डिंग टु लोकल ट्रॅडिशन, हेलियम वॉज डिस्कव्हर्ड हिअर. द एव्हिडन्स, हाउएव्हर, पॉइंट्स टु ऑब्झर्व्हेशन्स मेड एल्सव्हेअर इन १८६८.'

ओट्यांबद्दल 'प्रूव्ह' लिहायचा मोह झाला होता. पण ते नेमके कधी बांधले याचा कागद आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही, म्हणून 'कन्सिस्टंट विथ' ठेवलं. 'क्लेम' मुद्दाम ठेवलाय, कारण आता तो खरा ठरतोय, म्हणून कमीपणा वाटत नाही.

उद्या सकाळच्या एसटीने देवगडला छापखान्यात जाणार आहे.

कलमी

'अकाउंट' छान बसलाय. मी 'क्लेम'च लिहिला असता आणि तो दोनदा आला असता.

देवगडी

छापून झाली की पन्नास प्रती माझ्याकडे ठेवा. मे महिन्यात बागेत पेट्या न्यायला गिऱ्हाइकं येतात, प्रत्येक पेटीत एकेक घालीन.

कोर्टनाका

'हाउएव्हर'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम आहेत, ठीक. 'पॉइंट्स'ला एस आहे, एव्हिडन्स एकवचनी, ठीक. माझ्याकडून मंजूर.

सुरंगी

'इज बॉर्न आउट' मध्ये ई आहे ना? जुळारी घाईत काढून टाकतात. प्रूफ स्वतः बघा.

घेरिया

आहे. लाल पेनने खाली रेघ मारून ठेवलीय.